पाण्याची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावले आहे की शाळेच्या आठवणी सांगायला दहा जण आहेत, तू तुझ्या नोकरीतले काहीतरी सांग. माझी नोकरी कालव्यावर गेली. तेव्हा पाण्याबद्दल बोलतो. जेवण तयार होईपर्यंत मला वेळ आहे, असे आचाऱ्याने सांगितले आहे.

आधी एक काम करा. आज सकाळी पुण्याहून किंवा पिंपरी-चिंचवडहून जे आले, त्यांनी हात वर करा. ठीक. आता जे इथेच तालुक्यात राहतात त्यांनी. पाहा, सभागृह जवळजवळ निम्मे-निम्मे आहे. एका बाकावर बसणारी आपण मुले, आज एकाच नदीच्या दोन टोकांना राहतो. वरचे लोक जे पाणी अडवतात त्यातले उरलेले खाली येते, आणि वरचे लोक जे वापरून सोडतात तेही खालीच येते. आपल्या वर्गात हा विषय निघाला की भांडण होते. गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर तीन दिवस झाले, दोघे जण ग्रुप सोडून गेले. दोघेही आज आले आहेत, बरे वाटले.

भूगोलाच्या सरांनी आपल्याला भीमेचा नकाशा काढायला लावला होता, आठवतो का? निळ्या पेन्सिलीने. मुठा आणि मुळा पुण्यात एकत्र येतात, त्याआधी पवना दापोडीला मुळेला मिळालेली असते. पुढे मुळा-मुठा दौंड तालुक्याच्या बाजूने भीमेला मिळते. इंद्रायणी त्याच्या वर तुळापूरला मिळालेली असते. हे सगळे एकत्र होऊन आपल्या दारात, उजनीच्या पाणलोटात येते. तिथून पंढरपूर, सोलापूर आणि पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला. नकाशा आपण काढला, दहापैकी आठ गुण मिळवले, पण त्या निळ्या रेघेत पाणी किती, हे कुणी विचारले नाही. आपणही नाही आणि परीक्षेतही नाही. माझे आजचे सगळे म्हणणे त्या एका प्रश्नाभोवती आहे.

आकडे थोडे सांगतो, कंटाळू नका. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासला स्वतः दोन टीएमसीसुद्धा नाही. ते सर्वांत जुने, इंग्रजांच्या काळातले. मोठी भांडी म्हणजे वरसगाव आणि पानशेत. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले आणि खडकवासल्यालाही घेऊन गेले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. त्या सालच्या जनगणनेत पुणे शहर सहा लाखांचे होते. २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांवर गेले, आणि पिंपरी-चिंचवड वेगळे १७ लाख. त्यानंतर गावे समाविष्ट झाली, इमारती उभ्या राहिल्या, ते तुम्ही रोज पाहता. या चार धरणांच्या वर डोंगर आहे आणि त्यांच्या खाली शहर. आणखी एक मोठे धरण बांधून प्रश्न सुटेल अशी जागा मला तरी दिसत नाही. शिवाय कृष्णा खोऱ्यातले पाणी राज्याराज्यांत वाटलेले आहे. लवादाचा अंतिम निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी. म्हणजे वरच्या बाजूला झाकण लागलेले आहे. खोरे वाढते आहे, पाणी वाढत नाही.

टीएमसी म्हणजे काय? एक अब्ज घनफूट. तेवढ्याने कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून मी दुसरे माप सांगतो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे असा प्रमाण आकडा आहे. त्या हिशेबाने एक टीएमसी पाणी साधारण पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरते. आता हाच हिशेब उसाला लावा. पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाला, वाया जाते ते धरून, वर्षाला एक कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे दोनशे माणसांचे वर्षाचे पाणी. मी इथे उसाच्या गावात हे बोलतोय, तेव्हा आताच सांगतो, की माझ्या भावाचाही ऊस आहे आणि त्याच्या गुऱ्हाळाचा गूळ मी घरी नेतो.

आणखी एक माप लक्षात ठेवा, ते टीव्हीवरच्या बातम्या ऐकताना उपयोगी पडते. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले की एक टीएमसी होते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या पुढे विसर्ग गेला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरले. आपल्यापैकी एकीच्या भावाचा फ्लॅट तिथेच आहे. त्या वेगाने दिवसभर सोडले असते तर तीन टीएमसी झाले असते. आणि त्याच्या दोन महिने आधी काय होते? उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले होते, लोक मुलाबाळांना घेऊन बघायला जात होते. ऑगस्टमध्ये तीच उजनी भरली. आपल्या नदीचा स्वभावच असा. सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पडते आणि आपल्याकडे वर्षाला पाचशे पडले तरी आपण पेढे वाटतो. चार महिन्यांत येते आणि बारा महिने पुरवायचे असते.

ते 'उणे' म्हणजे काय, हे मला इथल्याच एका सरपंचाने विचारले होते. धरण रिकामे होऊन आणखी खाली कसे जाते? उजनीत एकूण ११७ टीएमसी मावते. त्यातले सुमारे साडेत्रेपन्न उपयुक्त, बाकी ६३ च्या वर मृतसाठा. कालव्याच्या दारांच्या पातळीखाली जे राहते ते मृत. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त संपले. त्यानंतर जे आपण मोटारी लावून, चाऱ्या खोदून, पाईप लांबवत लांबवत उपसतो, ते उणे. उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातलेही बत्तीस टीएमसी गेले. हे इतके साधे आहे. पण पंधरा वर्षे रोज पेपरात तो आकडा वाचणाऱ्या माणसाला ते कुणी सांगितलेले नव्हते. आपण गावोगावी भिंतीवर 'पाणी हेच जीवन' लिहिले आणि जनजागृती झाली असे समजलो. पाणी हेच जीवन, हे ज्या बाईने दोन मैलांवरून हंडा आणला तिला भिंतीवर वाचायची गरज नव्हती. तिला सांगायला हवे होते की विहिरीत किती आहे, किती दिवस पुरेल आणि शेजारच्या बोअरने ते किती खाली नेले.

आता माझ्या नोकरीतली गोष्ट. कोणता कालवा, कोणते साल, ते सांगत नाही. मी तेव्हा शाखाधिकारी होतो. उन्हाळी आवर्तन चालू होते. आवर्तन कसे द्यायचे याचा नियम आहे, 'टेल टू हेड'. आधी शेवटच्या टोकाला पाणी न्यायचे, मग एकेक चारी वर सरकत यायचे. कागदावर हे फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात पाणी वरून निघते, आणि वाटेत रात्री डोंगळे पडतात. पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो, डोंगळा म्हणजे कालव्यात टाकलेला पाईप. एकदा तोंडाने ओढून चालू केला की रात्रभर शेतात पाणी पडत राहते. पाटकरी दोन, कालवा तीस किलोमीटर. आम्ही रात्री जीप घेऊन फिरायचो, चार काढले की मागे पाच पडायचे. त्यातले काही कुणाचे होते ते मला ठाऊक होते आणि ते कुणाच्या जवळचे होते तेही ठाऊक होते. तेविसाव्या दिवशी निरोप आला, कोटा संपला, दारे खाली करा. शेवटच्या वितरिकेत तेव्हा घोट्याएवढे पाणी पोहोचले होते. दोन रात्री. त्याने चारीचे तळ भिजले, रान नाही.

आमच्या नोंदवहीत एक रकाना असायचा, टेलला पाणी पोहोचल्याचा दिनांक. मी तिथे दिनांक लिहिला. खोटे म्हणायचे तर खोटे नव्हते, पाणी 'पोहोचले' होते. त्या एका दिनांकावर पुढचा सगळा अहवाल उभा राहिला. आवर्तन यशस्वी.

आठवड्याने एक म्हातारा आला. त्याच्या हातात सात नंबरचा पाणी मागणी अर्ज, पावती, सगळे नीट घडी घालून. मी त्याला वही दाखवली, का दाखवली देव जाणे, बहुतेक त्याने निघून जावे म्हणून. त्याला वाचता येत होते. त्याने बोट फिरवत ती ओळ वाचली आणि म्हणाला, "सायेब, तुमच्या वहीत माझं रान भिजलंय. मग कडवळ बी आता वहीतच पेरतो." आणि पावती टेबलावर ठेवून गेला. परत घ्यायला आला नाही.

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलेच. पण खरा धडा मला उशिरा कळला. ती वही खोटी ठरू शकली, कारण ती फक्त माझ्याकडे होती. कालव्याच्या गेजपट्टीवर किती फूट आहे, म्हणजे किती क्युसेक आहे, हे त्या तीस किलोमीटरमध्ये फक्त आम्हाला वाचता येत होते. त्या म्हाताऱ्याच्या गावातल्या दहा पोरांना जरी पट्टी वाचता आली असती आणि रोज संध्याकाळी चावडीवर आकडा लिहिला गेला असता, तर माझी तो दिनांक लिहायची हिंमत झाली नसती. आणि वरच्या डोंगळेवाल्यालाही रोज दिसले असते की त्याच्या पुढे किती उरले. चोरी थांबली असती असे मी म्हणत नाही. पण ती सगळ्यांच्या देखत करावी लागली असती.

हे माझे कल्पनेतले नाही. आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात, नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम सुरू केले. ते पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळरान जमीन त्यांनी भाड्याने घेतली, तिथे पाणी अडवले, मोजले आणि मग वाटपाचे नियम घातले. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. घरात जितकी डोकी, त्या प्रत्येकाला अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. हे नियम कडक वाटतात, आणि आहेतच. सगळीकडे ते टिकले असेही नाही. पण मला त्यात मोलाचे वाटते ते हे, की आधी 'एकूण किती आहे' हे सगळ्यांसमोर ठरले आणि मग कुणाला किती यावर भांडण झाले. आपण उलटे करतो. नाशिककडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था मापाने पाणी घेतात आणि आपसात वाटतात. घनमीटरने घेतलेले पाणी आणि एकरावर पट्टी भरून घेतलेले पाणी, यांत माणूस वेगळा वागतो. एकरावर घेतले की रात्रभर बारे मोडायला कुणी उठत नाही.

आता पुणेकर मित्रांकडे वळतो. हसू नका, तुमचीही पाळी आहे. मी निवृत्तीनंतर पुण्यातच मुलाकडे असतो, म्हणजे मीही आता तुमच्यातलाच. आमच्या सोसायटीच्या सभेत मी विचारले, मे महिन्यात टँकर किती आले? सेक्रेटरींनी रुपये लगेच सांगितले. लिटर माहीत नव्हते. महापालिकेच्या नळाचे किती आले, बोअरचे किती, गच्चीवरची टाकी रात्री किती वेळ वाहते, काहीच नाही. रुपयांचा ताळेबंद लेखापरीक्षकाकडे जातो आणि पाण्याचा ताळेबंदच नाही.

२७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठेचा उजवा कालवा फुटला तेव्हा त्या भागातली घरे वाहून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी मला विचारले, "हा कालवा जातो कुठे हो?" ते वीस वर्षे त्याच्या काठाने फिरायला जात होते. तो दोनशे किलोमीटर जातो. हवेली, दौंड आणि इंदापूर. तो इथे येतो, आपल्याकडे. त्यात पाणी आले नाही तर इथे काय होते, हे त्यांना माहीत असायला हवे होते असे मी म्हणणार नाही. त्यांना ते कुणी सांगितलेच नव्हते.

पुण्याचा करार अनेक वर्षे साडेअकरा टीएमसीचा होता आणि उचल त्याहून जास्त, यावर महापालिका आणि जलसंपदा यांचे वाद आपण पेपरात वाचतो. कमी चर्चा होते ती कराराच्या दुसऱ्या बाजूची. शहराने साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात शेतीसाठी परत द्यायचे. म्हणजे पुण्यातल्या फ्लशचे पाणी हे कुणाच्या तरी गव्हाचे पाणी आहे. ते किती येते आणि कसे येते, याबद्दल खालच्या लोकांच्या तक्रारी आहेत, आणि उजनीचे हिरवे पाणी आणि जलपर्णी आपण रोज पाहतो. तुमच्या सोसायटीचा सांडपाणी प्रकल्प आहे पण वीजबिल वाचवायला बंद ठेवला आहे, अशांनी मनातल्या मनात हात वर करा. तुमच्याच वर्गातला मित्र ते पाणी ढोरांना पाजतो.

आणि इथल्या मित्रांनो, पुणे पाणी पिते म्हणून ओरडण्याचा आपल्याला हक्क आहे, पण तो थोडा कमी होतो जेव्हा आपल्या बांधावर ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि सारा उसाचा प्लॉट पाटाने वाहतो. ठिबकने उसाचे जवळजवळ निम्मे पाणी वाचते हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. जुने गाव उजनीत गेले तेव्हा आपल्या वडिलांनी ट्रॅक्टरवर दारे-खिडक्या लादून इथे आणल्या. या पाण्याची किंमत आपण दिली आहे. म्हणून ते मोजायचे नाही, असे होत नाही.

आता मागणी. शाळेने माजी विद्यार्थ्यांकडून प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी मागितली आहे. कमान होऊ द्या, माझी पावती फाडली आहे. पण कमानीच्या आतल्या बाजूला एक काळा फळा बसवा, साधा, खडूने लिहायचा. त्यावर रोज चार आकडे. काल शाळेच्या आवारात पडलेला पाऊस. खडकवासला साखळीतला साठा. उजनीचा साठा, अधिक असो की उणे. आणि शाळेच्या विहिरीची पाण्याची पातळी. पहिला आणि चौथा आकडा नववीच्या मुलांनी स्वतः मोजायचा, दुसरा-तिसरा पेपरातून किंवा फोनवरून घ्यायचा. पर्जन्यमापकाला खर्च फार नाही, तो मी देतो. शनिवारी त्या आठवड्याचे आकडे वहीत उतरवायचे. ती वही कपाटात ठेवायची नाही, ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवायची, कुणीही उघडावी.

तोच फळा पुण्यातल्यांनी आपापल्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी लावावा. चार आकडे तुमचे वेगळे. नळाचे किती, बोअरचे किती, टँकरचे किती, आणि प्रक्रिया करून किती परत वापरले. सहा महिन्यांनी आपल्या ग्रुपवर दोन्हीकडचे आकडे टाका. मग भांडा. मी थांबवणार नाही.

१५ ऑक्टोबरला धरणांत किती साठा आहे त्यावर कालवा सल्लागार समिती वर्षाची आवर्तने ठरवते. त्या दिवशी आपल्या फळ्यावर काय लिहिले आहे, ते मला कुणीतरी फोटो काढून पाठवा.

विहिरीची पातळी मोजायची टेप मी आणली आहे, गाडीत आहे. मुख्याध्यापक सरांना विचारले आहे, विहिरीवरची जाळी उघडता येते. जेवण व्हायला अजून वीस मिनिटे आहेत, असे आचारी खूण करून सांगतोय. ज्यांना यायचे त्यांनी माझ्याबरोबर या. आजचा आकडा आपणच लिहू.